शॉर्टकट चालत नाही, म्हणजे आळस?

नागपुरात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. टर्मिनलमधल्या, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या खिडकीतल्या, प्रोग्रॅमला हवा तो शॉर्टकट देता येतो, कंट्रोल-शिफ्टच्या जोड्या चालत नसतील तर तो लिहिणाऱ्याचा आळस; एस्केप उशिरा लागू होतो तो कोड संथ असल्यामुळे; आणि कंट्रोल-एसने सगळीकडे फाइल सेव्हच झाली पाहिजे, असे त्याचे तीन दावे आहेत.

आळसाचा आरोप सर्वांत चुकीचा आहे. कोणती कळ दाबली हे टर्मिनल प्रोग्रॅमला सांगत नाही, फक्त बाइट, म्हणजे आकडे, पाठवतो. लिनक्सवर ‘शोकी -ए’ (showkey -a) ही आलेले बाइट दाखवणारी आज्ञा चालवून टॅब दाबा, मग कंट्रोल-आय दाबा. दोन्ही वेळा 9 हाच आकडा दिसेल. परंपरेने कंट्रोलसोबत अक्षराच्या संकेतांकाचे खालचे पाचच बिट उरतात. मोठा आय 73 आणि छोटा 105, पण दोघांचेही खालचे पाच बिट तेवढे ठेवले की 9 उरतो, म्हणजे शिफ्ट त्या हिशेबातच गळून पडते. जे प्रोग्रॅमपर्यंत पोचलेच नाही, ते तो ओळखणार कसे?

एस्केपचेही तसेच. वरच्या बाणाची कळ 27, चौकटी कंस आणि ए असे तीन बाइट पाठवते, आणि एकटा एस्केपसुद्धा 27च असतो. त्यामुळे 27 आल्यावर पुढे काही येते का, याची वाट पाहावी लागते. टर्मिनलमधले प्रोग्रॅम लिहायच्या एनकर्सेस या लायब्ररीत ही मुदत मुळात 1000 मिलिसेकंद आहे. ती खुशाल कमी करावी, पण फार कमी केली आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दूरच्या सर्व्हरवर काम करत असलात, तर बाण तुटून मजकुरात ‘ए’ उमटू शकतो.

कंट्रोल-एसच्या दाव्यात मात्र अर्धे तथ्य आहे. त्याचा 19 हा बाइट टर्मिनलचा ड्रायव्हर मध्येच अडवतो आणि पडद्यावरचे लिखाण थांबवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘हँग झाला’ म्हणून खिडकीच बंद केली आणि तासाभराचे काम गमावले. कंट्रोल-क्यू दाबले असते तर पडदा पुन्हा चालू झाला असता. पूर्ण पडदा घेणाऱ्या एडिटरने ही अडवणूक बंद करावी आणि बाहेर पडताना पूर्ववत करावी, हे मलाही मान्य आहे.

या मर्यादांवर उपाय आहेच. किटी टर्मिनलच्या कीबोर्ड प्रोटोकॉलमध्ये कळ आणि सोबतच्या मॉडिफायर कळा (कंट्रोल, शिफ्ट वगैरे) वेगवेगळ्या कळतात, पण प्रोग्रॅमने ते मागावे लागते आणि एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा टीमक्स मध्ये असेल तर त्यानेही ते पुढे द्यावे लागते. आपल्याकडे तर त्याचा आणखी एक उपयोग आहे. इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्ड मांडणी चालू असताना विम या एडिटरमध्ये कर्सर खाली-वर नेणारे जे आणि के दाबले, तर ‘र’ आणि ‘क’ पोचतात आणि कर्सर जागचा हलत नाही. हा प्रोटोकॉल मात्र मागितल्यास मूळ इंग्रजी मांडणीतली कळही कळवतो.