गौताळ्याचे कडे बारमाही खुले करण्याच्या मागणीबद्दल

कन्नडजवळच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातील कातळकडे प्रस्तरारोहणासाठी वर्षभर विनापरवाना खुले करावेत, असा मजकूर मराठवाड्यातील गिर्यारोहकांमध्ये फिरतो आहे. आरोहक फक्त दगडाला हात लावतो, कायद्यात चढाईला मनाई नाही, तिथल्या पितळखोरे लेण्यांना पर्यटक चालतात आणि परदेशी राष्ट्रीय उद्यानांतही चढाई होतेच, ही त्याची चार कारणे. सरसकट बंदी मलाही मान्य नाही. पण ही कारणे टिकणारी नाहीत.

कायद्याचा मुद्दा लवकर संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेशच नियंत्रित केला आहे, त्यामुळे चढाईचा वेगळा उल्लेख नसणे म्हणजे मोकळीक नव्हे. मात्र कलम २८ मध्ये परवान्याच्या कारणांत पर्यटन आहे; तेव्हा चढाईला परवानगी देताच येत नाही, असे जे सांगितले जाते तेही खरे नाही.

'फक्त दगड' हे कारण सर्वांत कच्चे आहे. शाहीन ससाणा आणि शृंगी घुबड काड्या न रचता कपारीतल्या उघड्या कातळावरच अंडी घालतात. लांब चोचीचे गिधाडही कड्यावरच वीण करते आणि एका हंगामात एकच अंडे घालते, म्हणजे एक घरटे फसले की त्या जोडीचे वर्ष वाया जाते. दोर अडकवण्यासाठी कातळात भोक पाडून ठोकलेल्या बोल्टचे म्हणाल, तर तो काढला तरी भोक राहतेच.

पर्यटकांशी तुलना वरवर पटते. परंतु लेण्यांकडे जाणारा माणूस ठरलेल्या वाटेने, पक्ष्याच्या बराच खालून जातो. आरोहक घरट्याच्या पातळीवर पोहोचतो आणि एकेका टप्प्यावर बराच वेळ लटकून राहतो, तेवढ्यात उठलेला पक्षी परत येत नाही आणि अंडे उन्हात उघडे पडते. आग्या मोहोळ बिथरले, तर डंख खाली गुरे चारणाऱ्यालाही बसतात, ही गोष्ट आमच्या मंडळींना सहसा आठवत नाही.

परदेशाचा दाखला मात्र अर्धाच दिला जातो. अमेरिकेतील योसेमिटीत बहिरी ससाण्यासाठी ठरावीक कडे साधारण मार्चपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि पाहणीत घरटे आढळले नाही, तर ते आधीच खुले होतात. ते वेळापत्रक जसेच्या तसे इथे चालणार नाही, कारण आपल्याकडे घुबडाची व गिधाडाची वीण हिवाळ्यातच सुरू होते आणि ससाण्याची उन्हाळ्यापर्यंत लांबते, तर पावसाळ्यात निसरडा आणि एप्रिल-मेमध्ये तापलेला कातळ टाळून आपणही नेमके हिवाळ्यातच दोर बांधतो. त्यामुळे सर्व कड्यांवर हंगामी बंदी घातली, तर चढाईच बंद होईल, आणि काहीच बंद केले नाही, तर वीण धोक्यात येईल. यातून मार्ग कडानिहाय निर्णयाचाच दिसतो : पावसाळा संपताच वनखात्याने पक्षी-अभ्यासकांना घेऊन दरीच्या तळातून दुर्बिणीने पाहणी करावी, पक्ष्यांच्या वापरातले कडे पिल्ले उडेपर्यंत बंद ठेवावेत आणि उरलेल्यांसाठी ठरावीक गटसंख्येचे परवाने द्यावेत. नवा बोल्ट ठोकायचा, तर त्याची जागा अर्जातच दाखवावी लागावी.