‘शाळेत हवामान बदल शिकवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘हवामान कायमच बदलत आलंय. माणसामुळे पृथ्वी तापतेय हा नुसता तर्क, शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. शाळेत हे शिकवून मुलांना घाबरवू नका, मोठी झाल्यावर ठरवतील ती.’ हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

‘कायमच बदलत आलंय.’ खरं आहे. पण कसं आणि किती, हे सांगायला नको? अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून 8 लाख वर्षांचा हिशेब लागतो. एवढ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता अडवून ठेवणारा वायू, दर दहा लाख भागांत साधारण 180 ते 300 भाग एवढाच राहिला. 1958 मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ या पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा तो 315 च्या आसपास होता. आज 420 च्या वर आहे.

‘नुसता तर्क.’ इथे तर पुराव्यांची रांग आहे. वनस्पती हवेतून कार्बन घेताना कार्बनचा हलका प्रकार, कार्बन-12, जास्त उचलतात. कोळसा आणि तेल अशाच प्राचीन सजीवांपासून बनलेलं. ते जाळलं की हवेतल्या कार्बन-13 चं, म्हणजे जरा जड प्रकाराचं, प्रमाण घटायला हवं, आणि ते घटतंय. ज्वालामुखींमुळे असं झालं नसतं. सूर्य तापला म्हणावं, तर 1978 पासून उपग्रह सूर्याकडून येणारी ऊर्जा मोजताहेत; त्यात दीर्घकालीन चढ दिसत नाही. शिवाय सूर्यामुळे असतं तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, तोही तापला असता. तो उलट थंड होतोय. पंधरा वर्षांच्या मुलांना हे सगळं कळतं, आणि आवडतंही.

‘एकमत नाही.’ वाद आहेत ते ढगांचा परिणाम किती, कुठे पाऊस किती बदलेल, यावर. तापण्यामागे माणूस आहे हे आयपीसीसीच्या (हवामान बदलाचा अभ्यास तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) 2021 च्या अहवालात निःसंशय म्हटलंय.

‘मुलं घाबरतील.’ अर्धवट माहितीने घाबरतात, आणि ती त्यांना मोबाइलवर रोजच मिळते. वर्गात दोन काचपात्रं घ्या. एकात बर्फ पाण्यावर तरंगता ठेवा, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर. पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा आणि बर्फ वितळू द्या. पहिल्यात पाणी खुणेवरच राहतं, दुसऱ्यात वर चढतं. हे एकदा पाहिलेल्या मुलाला ग्रीनलँडच्या जमिनीवरचा बर्फ आणि आर्क्टिक समुद्रावर तरंगणारा बर्फ यांतला फरक कळतो. ‘आर्क्टिकचा तरंगता बर्फ वितळून शहरं बुडणार’ असला भडक मथळा आला की चूक तोच दाखवून देतो. नाकारणाऱ्यांइतकंच अतिशयोक्ती करणाऱ्यांनाही प्रश्न विचारता यावेत, याचंच नाव हवामान साक्षरता.

‘मोठी झाल्यावर ठरवतील.’ कशाच्या आधारावर? पुरावा तपासायची सवय याच वयात लागते. त्यासाठी वेगळा विषयही नको. अवरक्त (उष्णतेचे, न दिसणारे) किरण भौतिकशास्त्रात येतात, समस्थानिकं (कार्बन-12, कार्बन-13 असे एकाच मूलद्रव्याचे प्रकार) रसायनात, आलेख गणितात. मौना लोआचे आकडे सगळ्यांना खुले आहेत. मुलांना ते कागदावर मांडू द्या आणि चढत्या रेषेला दर वर्षी करवतीसारखा एक दात का पडतो, ते त्यांनाच शोधू द्या.