पाइपाला लावायचंय की पंक्चरला?

परवा एका हार्डवेअरच्या दुकानात, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, मला गर्दुल्ला ठरवण्यात आलं. वय ४३, कपाळावर हेल्मेटचा वळ, हातात आलं-कोथिंबिरीची पिशवी. गर्दुल्ले संध्याकाळी आलं घेऊन घरी जातात का, एवढा साधा विचारही तिथल्या एका माणसाने केला नाही.

मला फक्त गोंद हवा होता. मी प्लास्टिकच्या विमानांच्या प्रतिकृती जोडतो. सध्या टेबलावर मिग-२१ आहे, १:७२ प्रमाणातलं. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सात मीटरच्या थोडे वर भरतात, माझ्याकडचे दहा सेंटिमीटरच्या आत आटपतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तो टीव्हीवर बघताना मला भरून आलं आणि भरात मी किट मागवलं. किट आलं, सुटे भाग चौकटीपासून कापून झाले, पायलट खुर्चीत बसला, आणि गोंदाच्या बाटलीचा तळ दिसला.

आता हा गोंद साधा नाही. किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन. त्याला जो द्रव लागतो तो प्लास्टिकला चिकटवत बसत नाही, ते वितळवतो. दोन भाग एकमेकांना लावून धरायचे आणि फटीच्या कडेला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीत ओढला जातो, दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ होतं, एकमेकांत मिसळतं, द्रव उडून जातो आणि मागे जोड उरतच नाही, एकच तुकडा होतो. छंदातली मंडळी त्याला प्लास्टिक सिमेंट म्हणतात. टामिया या जपानी कंपनीची हिरव्या झाकणाची चौकोनी बाटली येते, ४० मिलिलिटरची. आत मुख्यत: ब्युटिल अॅसिटेट आणि अॅसिटोन. वास उग्र, नशेबाज हुंगतात तसला. या वासावरच पुढचं सगळं रामायण घडलं.

एवढं ऐकल्यावर शंभरातले नव्याण्णव लोक म्हणतात, “मग फेव्हिक्विक लावा की!” ही सूचना मला आतापर्यंत सासऱ्यांनी, सोसायटीच्या वॉचमनने आणि दाताच्या डॉक्टरांनी केलेली आहे. डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना केली, त्यामुळे उत्तरही देता आलं नाही. ते इथे देतो. झटपट गोंद कुठलाही घ्या, तो भाग सरळ बसवायला सवडच देत नाही. जोड ठिसूळ होतो. आणि सुकताना त्याची जी वाफ निघते ती कॉकपिटच्या काचेवर पांढरी बसते. पायलटला उड्डाणाआधीच मोतीबिंदू. ती काच बसवायला उलट पांढरा फेव्हिकॉल चांगला, सुकल्यावर दिसत नाही. पण पंख फेव्हिकॉलने बसत नाहीत. हे सगळं मला पाठ आहे आणि मी ते लोकांना सांगतो, म्हणूनच बहुधा लग्नकार्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

तर दुकान. आमच्या नाशकात रविवार कारंजाच्या आसपास जुनी दुकानं आहेत, जिथे शेठ गल्ल्यावर बसतो आणि पोऱ्या माळ्यावरून काहीही काढून देतो. त्यातल्या एका दुकानात शिरलो. शेठनी न बघताच विचारलं,

“बोला साहेब.”

“प्लास्टिक जोडायचं सोल्युशन आहे का? एकदम पातळ.”

“पाइपाला लावायचंय की पंक्चरला?”

“दोन्ही नाही.”

इथे शेठनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांच्या दुनियेत सोल्युशन दोनच ठिकाणी लागतं. पाइपाचं माझ्या कामाचं नाही. ते दाट असतं, एक थेंब पडला तर मिगच्या पंखावरच्या सगळ्या बारीक रेषा गिळून टाकतं. मी समजावून सांगायला लागलो. पातळ पाहिजे, पाण्यासारखं, ब्रशने लावायचं, लगेच उडून जाणारं, वास जरा जास्त असतो…

“वास?” शेठ म्हणाले.

“हो, वासावरून लगेच ओळखू येतं.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं असं आता घरचे म्हणतात. मला पटत नाही. वास होता म्हणून सांगितला.

माझ्या डाव्या हाताला एक काका उभे होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात नळाचा जुना वायसर, त्याच मापाचा नवा घ्यायला आलेले. ते इतका वेळ वायसर बोटात फिरवत होते, ते थांबले.

“कुणासाठी पाहिजे?”

“माझ्यासाठी.”

“घरी माहिती आहे?”

मी म्हणालो, काका, काय माहिती असायचंय? मी विमान बनवतोय. काकांनी शेठकडे बघितलं. शेठनी पोऱ्याकडे. पोऱ्या माळ्यावर होता, तो तिथूनच खाली वाकून बघायला लागला. मागे एक बाई टॉवर बोल्ट घ्यायला आल्या होत्या, त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. ते मी पाहिलं. ते मला अजून विसरता येत नाही.

“नोकरी आहे?” काका.

“आहे.”

“मुलंबाळं?”

“एक मुलगी, सातवीत.”

“मग विमान तिच्यासाठी असेल.” काकांनी मला एक सुटकेची वाट दिली होती. शहाणा माणूस ‘हो’ म्हणून वायसरचे भाव विचारत बाहेर पडला असता. पण मला खोटं सुचत नाही, निदान अपमान होत असताना तरी नाही.

“तिला आवड नाही. मीच बनवतो. मिग-२१ आहे.”

काकांचा चेहरा एकदम बदलला. वायसर काउंटरवर ठेवला, चष्मा वर केला. “मिग? मी ओझरला होतो. एच.ए.एल. बत्तीस वर्षं.”

मला वाटलं, सुटलो. नाशकात राहून मिगचा माणूस भेटणं म्हणजे काही चमत्कार नाही. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिगसाठीच. सोव्हिएत परवान्यावरची मिग-२१ तिथे तयार झाली. आमच्या पिढीने लहानपणी गच्चीवरून त्यांचा आवाज ऐकलाय. मी हात जोडायच्या बेतात होतो.

“मिगला गोंद लागत नाही,” काका शेठना म्हणाले. मला नाही, शेठना.

“अहो काका, ते खऱ्याला…”

“रिव्हेट असतात. ओळीने. मी स्वत: मारलेत. अॅल्युमिनियमचं अंग असतं, त्याला गोंद कोण लावेल? हा काहीतरी वेगळंच सांगतोय शेठ, याला देऊ नका.”

“काका, हे प्लास्टिकचं आहे. एवढंसं.” मी हात करून दाखवलं. दुर्दैवाने हाताची ती खूण बाटलीच्या मापाची झाली.

“मिग प्लास्टिकचं?” काका दुखावले. खरोखर दुखावले. मी त्यांच्या बत्तीस वर्षांना प्लास्टिक म्हटलं होतं. मग त्यांनी मला आणि टॉवर बोल्टवाल्या बाईंना रिव्हेट कसा मारतात ते सांगितलं. आतून एकाने ठोकळा धरायचा, बाहेरून दुसऱ्याने गन चालवायची, दोघांचा सूर जमला नाही तर पत्र्याला पोचा येतो आणि सुपरवायझर आईबहिणीवर येतो. बाई म्हणाल्या, “अगं बाई.” शेठनी काकांना चहा सांगितला. मला नाही. इंधनाच्या टाक्यांच्या सांध्यांना एक सीलंट लावायचे असं शेवटी काकांनी कबूल केलं, पण लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, “ते तुला झेपणार नाही.” एव्हाना तुम्हीचं तू झालं होतं.

खरं सांगायचं तर दुसऱ्या कुठल्याही संध्याकाळी मी त्या माणसाला घरी नेऊन जेवायला घातलं असतं. खरं मिग ज्याने हाताने जोडलं असा माणूस एका फुटावर उभा, आणि आम्ही बोलतोय काय, तर मला झिंग कशाची चढते. निघताना त्यांनी माझा फोन नंबर घेतला. मला वाटलं, मिगच्या आठवणी सांगतील. रोज सकाळी साडेसहाला मला आता सूर्योदयाच्या चित्रावर ‘एक पाऊल व्यसनमुक्तीकडे’ असा संदेश येतो. ब्लॉक करवत नाही. ओझरचे आहेत.

शेठनी शेवटी मला काय दिलं? पॉलिश पेपर, हजार नंबरचा. तो मात्र कुणीही देतं. त्यापुढचा दोन हजारचा गाड्यांच्या पेंटवाल्यांकडे मिळतो, तिथे वेगळा इंटरव्ह्यू होतो. “कुठली गाडी आहे?” “गाडी नाही.” “मग घासायचं काय?” तिथलाच थिनर मी एकदा मागितला तर त्या भल्या माणसाने स्वत:हून विचारलं, प्लास्टिकवर का? मग नको, खाऊन टाकेल. संपूर्ण नाशकात मला भेटलेला हा एकमेव रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या दुकानात बसायला स्टूलसुद्धा नाही.

रंगाच्या दुकानाचं तर विचारूच नका. जुन्या मिगचं अंग उघड्या धातूचं, म्हणून चंदेरी रंग हवा. “गेट की ग्रील?” मी म्हटलं, विमान. तो म्हणाला, “किती स्क्वेअर फूट?” आता दहा सेंटिमीटरच्या पंखाचं क्षेत्रफळ चौरस फुटात काढून दाखवावं असं माझ्या मनात आलं होतं, पण मागे एक माणूस खरोखरच्या गेटचा रंग घ्यायला उभा होता आणि त्याचं गेट गंजत होतं. नखं घासायचा तो स्पंजचा ठोकळा असतो ना, जोड गुळगुळीत करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो बांगड्यांच्या दुकानात मिळतो. तिथे कोणी काही विचारत नाही, नुसतं बघतात. मी तिथे आता मुलीला पुढे करतो. ती म्हणते, “बाबा, माझी इज्जत तुमच्या मिगपेक्षा मोठी आहे.” मिग ६२ वर्षं सेवेत होतं हे मी तिला सांगितलं, तिच्यावर परिणाम झाला नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशातून मागवा. मावसभाऊ दुबईहून येतो, त्याला सांगितलं. त्याने विमान कंपनीचे नियम वाचून दाखवले. ज्वालाग्राही द्रव. हातातल्या बॅगेत नाही आणि खालच्या सामानातही नाही. म्हणजे विमान जोडायचा गोंद विमानातून आणता येत नाही. नियम बरोबर आहे, माझी त्याला हरकत नाही. आकाशात आग लागलेली मलाही नको. पण नाशिकचं विमानतळही ओझरलाच, त्याच कारखान्याच्या धावपट्टीवर. जिथे मिग जन्माला आलं तिथे माझ्या मिगचा गोंद उतरू शकत नाही, हे कुणाला सांगू? काकांना सांगितलं असतं, पण ते म्हणाले असते, लागतच नाही.

आणि आता मला जरा चिडू द्या. कोणी क्रिकेटची बॅट घेतली तर त्याला कुणी विचारत नाही की तू कोणासाठी खेळतोस. कोणी सतार शिकला तर ‘घरी माहिती आहे का’ म्हणत नाहीत. ट्रेकचे बूट, ड्रोन, कॅमेऱ्याची लेन्स, काय हवं ते घ्या, त्यात प्रतिष्ठा आहे. चाळिशी उलटलेला माणूस टेबलाशी बसून चिमट्याने चाक बसवतो, तर एक तर त्याला मूल हवं किंवा व्यसन. तिसरा पर्याय बाजाराने ठेवलेलाच नाही. इंग्लंडात एअरफिक्स या किटवाल्या कंपनीने ७२ पटीने लहान केलेलं स्पिटफायर लढाऊ विमान १९५३ साली दुकानात विकायला आणलं. तेव्हा अशी किटं कोपऱ्यावरच्या दुकानात पोरांच्या खाऊच्या पैशात मिळायची, गोंदही तिथेच. आपल्याकडे किट येतं आयातीचं, त्यावर कर, वर वाहतूक, त्यावर विकणाऱ्याची दया. आणि एवढं करून गोंद त्याच्यासोबत येत नाही, कारण तो जळतो. मग किट घेणारा माणूस काय नजरेने जोडणार? मुंबई-पुण्यात एखाद-दुसरं दुकान ठेवतंही, ‘स्टॉक आला की कळवू’ असं म्हणतं आणि कधी कळवत नाही. माल येतो तेव्हा आधीच ओळखीच्या पाच जणांनी उचललेला असतो. मी सहावा आहे. मी कायमचा सहावा आहे.

शेवटी मुंबईच्या एका विक्रेत्याने रस्त्यानेच पाठवायचं कबूल केलं, ट्रकने, पण एक बाटली पाठवणं परवडत नाही म्हणून तीन घ्या म्हणाला. पाठवणावळ धरून रक्कम मिगच्या वर गेली. बायकोला मी आकडा सांगितलेला नाही, आणि हा लेख ती वाचत नाही. बाटल्या सध्या भिवंडीच्या गोदामात आहेत. नाशिककरांना पुढचं सांगायला नको. त्या रस्त्याने जिवंत माणूस हॉर्न वाजवत, शिव्या घालत निघाला तरी रात्री कधी घरी पोचतो याचा भरवसा नाही, बाटल्यांना तर तोंडही नाही. ट्रॅकिंगवर ‘लवकरच पोचेल’ असं हिरव्या अक्षरांत आलंय, आणि त्याच्या खालीच, माल अजून भिवंडीत असताना, चांदण्या द्यायला सांगितल्यात: ‘हे खेळणं तुमच्या मुलाला आवडलं का?’