'रस्ते बंद आगिदे' : भाजीच्या टेम्पोवाल्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

गाडीतल्या रेडिओवर रस्त्यांची खबर मिळायला हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही रात्री साडेअकराला, बहुतेक भाजी भरून व्हायची वाट बघत, चांगलं सुनावलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही बारा वर्षं बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला नेताय आणि एवढ्या वर्षांत रेडिओवर चोर्ल्याचं नाव एकदाही ऐकलं नाही. मोबाईलवर मॅप आहे, ड्रायव्हरांचा ग्रुप आहे. रेडिओ म्हणजे माझ्यासारख्या रिकामटेकड्यांची जुनी हौस. आणि जाता जाता आकाशवाणीच्या केंद्रांवरून एक टोला: "धारवाड कानडीत बोलतंय, कोल्हापूर कोल्हापूरचं बोलतंय, पणजी कोंकणीत बोलतंय. आमचं कोण बोलतंय?"

टोला बसला. हा मुद्दा मी लेखात शिताफीने टाळला होता, तेही कबूल.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. शहरातल्या रोजच्या गर्दीसाठी रेडिओ निकामी आहे, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही. बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपाशी गाड्या तुंबल्यात हे निवेदकाने सांगेपर्यंत रेल्वे गेलेली असते, फाटक उघडलेलं असतं आणि दोन्हीकडच्या रिक्षा एकमेकींच्या तोंडावर येऊन नवीनच कोंडी झालेली असते. जिथे या प्रकाराचा सगळ्यात मोठा थाट होता तिथेही हेच झालं. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस ८८० हे स्टेशन १९६७ पासून बातम्या द्यायचं. दर दहा मिनिटांनी, घड्याळातला मिनिटांचा आकडा आठवर संपला की रहदारी आणि हवामान. लोक त्यावर घड्याळ लावत असतील. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या बातम्या बंद झाल्या आणि ती जागा खेळाच्या वाहिनीला गेली. तेव्हा रोजच्या कोंडीचा हिशेब तुम्ही जिंकलात.

पण मॅपला काय कळतं ते बघा. आपल्या खिशातले फोन किती वेगाने सरकतात, एवढंच. २०२० मध्ये बर्लिनच्या एका कलाकाराने ९९ जुने फोन हातगाडीत घातले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी ओढत नेली. मॅपवर तो रस्ता लाल झाला. लोकांना गंमत वाटली. मला त्याची उलटी बाजू जास्त सतावते, कारण ती मी डोळ्यांनी बघितलीय.

जुलै २०२१ चा महापूर. मी आणि माझा मेहुणा कामासाठी कोल्हापूरला निघालो होतो. हत्तरगी, संकेश्वर गेलं. पाऊस मरणाचा, पण रस्ता चालू. तवंदी घाटाच्या माथ्यावर ट्रकांची रांग लागली. मॅपवर घाटाचा तुकडा लाल, आणि निपाणीच्या पुढे यमगर्णीला रस्ता असा निर्मळ की बघत राहावं. मेहुणा म्हणाला, "एवढं संपलं की पुढं मोकळंच आहे की." मोकळंच असणार! पुलावर वेदगंगेचं पाणी आलेलं. तिथे गाडी नाही म्हणून फोन नाही, फोन नाही म्हणून गर्दी नाही. ते दोन्ही बाजूंनी अडवलेलं पाणी मॅपच्या लेखी सगळ्यात चांगला रस्ता होतं.

आम्हाला कळलं ते रेडिओवरून. कोल्हापूरचं १०२.७ घाटमाथ्यावर खणखणीत लागत होतं. पंचगंगेची पातळी सांगितली, मग शिरोलीपाशी महामार्ग बंद, मग यमगर्णी. दोन वाक्यांत विषय संपला. गाडी मागे घ्यायची म्हणून मेहुणा खाली उतरून मागच्यांना हात करायला लागला. शेजारी तमिळनाडू पासिंगचा ट्रक होता. चालकाला मराठी येत नव्हतं, हिंदीही बेताचंच. मेहुण्याने आपल्या मोडक्या कानडीत सांगितलं, "रस्ते बंद आगिदे." त्याने मान हलवली, इंजिन बंद केलं आणि सीटमागून स्टो काढून भात टाकायची तयारी सुरू केली. त्याच्या पुढच्या दीड-दोन दिवसांचा निर्णय तीन शब्दांत झाला.

तुमच्या टोल्याचं अर्धं उत्तर या तीन शब्दांत आहे, दादा. 'रस्ते' आणि 'बंद' हे कानडीत आणि आपल्यात एकच आहेत. धारवाड केंद्र मध्यम लहरींवर ७६५ किलोहर्ट्झला आपल्याकडे चांगलं लागतं. घाटाचं नाव आणि हे दोन शब्द ऐकायला कुणाला दुभाष्या लागत नाही. भाषेवरून आपण इथे खूप भांडलोय, पुढेही भांडू. पण दरड कोसळल्याची बातमी मला कानडीत मिळाली तर मी ती परत पाठवणार नाही.

उरलेलं अर्धं मात्र तुमचंच खरं. कोल्हापूरचं केंद्र कागलपर्यंतचा विचार करतं, धारवाडच्या डोळ्यासमोर धारवाड-हुबळी असते. कोगनोळी ते कित्तूर हा आपला बेळगावचा पट्टा दोघांच्याही कोपऱ्यात पडतो. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी ९०.४ आहे, पण ते कम्युनिटी रेडिओ. नियमानेच ताकद सहसा शंभर वॅटच्या आत, तेव्हा ते जांबोटीपर्यंत पोचेल ही अपेक्षा ठेवू नये. यात कायदा कुठेच आडवा येत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण २०११ च्या धोरणात वाहतूक, हवामान आणि नैसर्गिक आपत्तीच्या सूचना बातम्यांतून वगळल्यात. म्हणजे सांगायला परवानगी आहे, सांगणारं कुणी नाही.

परत तुमच्या मॅपकडे येतो. लाल रेघ गाडी थांबलीय एवढं सांगते, का थांबलीय ते सांगत नाही. आणि आपल्याकडे सगळं त्या 'का'वर अवलंबून असतं. फाटक पडलं असेल तर पाच-दहा मिनिटं, इंजिन बंद करून बसावं. गळीत हंगामात उसाची ट्रॉली आडवी झाली असेल तर दुसरी ट्रॉली येऊन मोळ्या भरेपर्यंत तास-दीड तास. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना कुणाचा मोर्चा हायवेवर बसला असेल, तर देवाला ठाऊक. तिन्हींचा रंग एकच. कारण कळलं तर तुम्ही ठरवणार, थांबायचं की वळायचं. ते कारण माणूसच सांगू शकतो.

जर्मनीत हे ओळखून १९७४ पासून रस्त्याच्या सूचनांसाठी रेडिओत वेगळी सोय झाली. पुढे आरडीएस आलं, म्हणजे एफएमच्या आवाजासोबत सेटला खुणेचा संदेश पाठवायची पद्धत. सूचना आली की चालू असलेली कॅसेट आपोआप थांबते आणि निवेदक बोलतो. उलट्या दिशेने गाडी हायवेवर शिरलीय, हेही तिथे रेडिओवर लगेच सांगतात, आणि ऐकणारा मुकाट्याने वेग कमी करून उजवी लेन धरतो. तुमच्या टेम्पोत साधा बाजारातला सेट असेल तरी बघा, कदाचित त्यावर 'टीए' (ट्रॅफिक अनाउन्समेंट) लिहिलेलं बटण सापडेल. ते याचसाठी. आपल्याकडे ते दाबून काही झालेलं मी बघितलेलं नाही. माझ्या सेटवर ते बटण आवाज कमी करायच्या बटणाला खेटून आहे, त्यामुळे चुकून बऱ्याचदा दाबलंय.

तुमच्या ग्रुपचं मला खरंच कौतुक आहे. पण पावसाळ्यात तिथे काय चालतं ते तुम्हीच आठवा. दरडीचा व्हिडिओ येतो. तारीख नाही, जागा नाही. खाली अकरा जणांचे अंगठे. मग कुणीतरी विचारतं, "आत्ताचा काय?" मग दुसरा, "हे आंबोली आहे, चोर्ला नव्हे." तोपर्यंत तुम्ही कणकुंबीच्या पुढे, रेंजच्या बाहेर. आणि तो तमिळनाडूचा ट्रकवाला तुमच्या ग्रुपात नाही, कधी असणारही नाही.

आता तुम्ही म्हणाल, चोर्ल्यात रेडिओ तरी कुठे लागतो? नाही लागत. एफएमच्या आड डोंगर आला की संपलं. पण घाटात ऐकून करणार काय? खबर हवी ती पिरनवाडीला, जिथे उजवीकडे जांबोटी-चोर्ला आणि सरळ खानापूर-अनमोड. किंवा त्याआधीच, पहाटे कोबीच्या गोणी लावताना, म्हणजे आंबोलीवरून जायचं असलं तर शिनोळीकडे तोंड तरी करता येईल. पहाटे पाचला एकदा आणि रात्री दहाला एकदा, तीन घाट आणि एक हायवे, चालू की बंद, आणि बंद असेल तर कशामुळे. दोन मिनिटांचं काम. मी मागतोय ते एवढंच. लेखात ते नीट सांगितलं नाही, न्यूयॉर्कच्या हेलिकॉप्टरच्या गोष्टीत रमलो, हा माझा दोष.

शेवटी तुम्ही विचारलंय, "तुम्ही स्वतः रेडिओवर रस्त्याचं शेवटचं कधी ऐकलं?" गेल्या पावसाळ्यात, कोल्हापूरहून घरी येताना, संकेश्वरच्या अलीकडे. बाई सांगत होत्या की कुठल्याशा बंधाऱ्यावर पाणी आल्यामुळे पर्यायी मार्ग म्हणून, आणि तिथेच खरखर सुरू झाली. कुठला बंधारा, कुठला मार्ग, मला आजतागायत कळलेलं नाही.