समुद्र घुसळला म्हणून जीवाणूचं पोट भरत नाही

‘खवळलेला समुद्र जीवाणूंच्या तोंडाशी अन्न आणून देतो, म्हणून ते झपाट्याने वाढतात, प्रयोगशाळेत फ्लास्क हलवला की वाढ होते, हाच पुरावा.’ हा दावा पावसाळ्यात हमखास फिरतो. ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे.

आधी अन्नाचं बघू. समुद्रातला जीवाणू जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटरचा. पाण्यातले भोवरे लहान होत होत मिलिमीटरभरावर येतात आणि त्याखाली पाण्याचा चिकटपणा त्यांना जिरवतो. म्हणजे सगळ्यात छोटा भोवराही जीवाणूच्या हजारपट मोठा. गच्च भरलेल्या लोकलने कितीही हिसके दिले तरी आपल्याला चिकटून उभा असलेला माणूस तोच राहतो. जीवाणूभोवतीच्या पाण्याचंही तसंच. त्याच्यापर्यंत अन्न येतं ते विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत गेल्याने, आणि साखरेचा रेणू एक मायक्रोमीटर अंतर साधारण मिलिसेकंदात कापतो. इतक्या सूक्ष्म जीवाला ढवळण्याचा उपयोग नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी 1977 मध्येच मांडलं होतं. खरा फायदा होतो तो जीवाणूपेक्षा कितीतरी मोठ्या पेशींना, उदाहरणार्थ डायाटम नावाच्या एकपेशीय शैवालाला.

फ्लास्कचा पुरावा तर इथे लागूच होत नाही. त्यात मिलिलिटरला अब्जावधी जीवाणू कोंबलेले असतात, त्यांना ऑक्सिजन कमी पडतो आणि हलवल्यावर तो मिळतो. समुद्राच्या वरच्या पाण्यात मिलिलिटरला साधारण दहा लाख जीवाणू, आणि ऑक्सिजन भरपूर.

‘पण वादळानंतर जीवाणू खरंच वाढलेले दिसतात!’ दिसतात, मी नाकारत नाही. पण कारण वेगळं आहे. तळाचा गाळ वर येतो. अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वारे खालचं नायट्रेटयुक्त पाणी वर आणतात, त्यावर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावतं आणि त्यातून झिरपणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर जीवाणू पोसले जातात. शिवाय जीवाणू खाणारे सूक्ष्म कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) जीव आणि त्यांनाही खाणारे, यांच्या गाठीभेटी घुसळणीने बदलतात, आणि त्यानेही जीवाणूंची संख्या वर-खाली होते.

पोहणाऱ्या जीवाणूंचा अपवाद मात्र खरा. अन्नाचा ठिपका हुंगत ते तिकडे जातात. टेलर आणि स्टॉकर या संशोधकांनी 2012 मध्ये गणिती प्रतिरूपातून दाखवलं की मध्यम घुसळण त्यांना सोयीची. फार झाली तर ठिपका ते पोचायच्या आतच विरून जातो. म्हणजे ‘जितकी खळबळ तितकी वाढ’ हे इथेही टिकत नाही.

ज्यांना थेट परिणाम सिद्ध करायचाय, त्यांनी समुद्राचं पाणी आधी 0.8 मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढून भक्षक वेगळे करावेत, एक बाटली स्थिर ठेवावी, दुसरी ढवळावी, आणि मग आकडे दाखवावेत.