मार्चचा निधी, मे महिन्याची पाखाडी

मार्च संपत आला की कोकणातल्या वाड्यांवर एकाएकी कामं सुरू होतात. अकरा महिने "निधी नाही", "मान्यता यायची आहे", "साहेब मीटिंगला गेलेत". मग पंधरा दिवसांत कार्यारंभ आदेश, नारळ, फलक आणि रस्त्याच्या कडेला ओतलेली खडी. बौद्धवाडी, धनगरवाडा, कातकरवाडी, कोळीवाडा, सगळीकडे हेच. पैसा या वस्त्यांच्या नावाने येतो आणि पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातो. नंतर खुलासा येतो की पाऊस जास्त झाला. अहो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो याच वर्षी पडायला लागला का? पावसाला नावं ठेवू नका. काम ज्या महिन्यात केलंत, त्या महिन्याबद्दल बोला.

एक साधी पाखाडी, म्हणजे वाडीवर चढत जाणारी काँक्रीटची पायवाट, घ्या. लांबी 100 मीटर, रुंदी दीड मीटर, जाडी 10 सेंटिमीटर. म्हणजे 15 घनमीटर काँक्रीट. एकास दीड, तीनचा माल (सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण) धरला तर सिमेंटच्या साधारण 120 गोणी, सव्वादोन-अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू आणि साडेचार-पावणेपाच ब्रास खडी लागते. नुसतं कालवायला गोणीमागे 30 लिटर पाणी, म्हणजे 3,600 लिटर. ओतून झाल्यावर 150 चौरस मीटरवर गोणपाट पसरून ते दिवसातून तीनदा भिजवायचं. दर चौरस मीटरला दोन लिटर धरले तरी रोजचे 900 लिटर. उतारावर वाफे करून पाणी कोंडता येत नाही, त्यामुळे गोणपाटाला पर्याय नाही. हल्ली दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, आणि त्याला किमान 10 दिवस पाणी मारावंच लागतं. झाले आणखी 9,000 लिटर.

आता एप्रिल-मे मधली वाडी डोळ्यांसमोर आणा. विहिरीचा तळ दिसतोय, पऱ्या (ओढा) कोरडा पडलाय, बायका टँकरची वाट बघत हंडे लावून बसल्यात. टँकरचा हिशेब माणशी दिवसाला 20 लिटरचा. शंभर माणसांच्या वाडीला रोज 2,000 लिटर. त्या पाखाडीला एकूण लागणारं पाणी म्हणजे अख्ख्या वाडीचं सहा दिवसांचं पिण्या-वापराचं पाणी! कोण देणार? कोणीच देत नाही, आणि वाडीने देऊही नये. मग काँक्रीट दोन दिवस नावाला शिंपडतात आणि उन्हावर सोडून देतात. वरचा थर पिठासारखा सुटतो, हाताने खरवडला तर वाळू हातात येते. जूनमध्ये त्या भुसभुशीत थरावरून पाणी धावतं, जुलैत खडी उघडी पडते, गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा म्हातारी माणसं त्याच सुट्या खडीवरून घसरत असतात. ठेकेदाराने सिमेंट खाल्लं असं सगळे म्हणतात. कधी खाल्लेलंही असतं. पण पूर्ण 120 गोणी घातल्या असत्या तरी पाण्यावाचून ती पाखाडी गेलीच असती, हे कोणी बोलत नाही.

आणि अंदाजपत्रक उघडून बघा. त्यात खोदाई असते, सोलिंग (खालचा दगडांचा थर) असतं, काँक्रीट असतं. पाणी मारण्याची मजुरी काँक्रीटच्या दरात धरलेली असते, पण टँकरने पाणी आणण्याचा खर्च बहुतेक वेळा कुठेच दिसत नाही. कोरड्या मोसमात, डोंगरावरच्या वाडीत काम करणार हे माहीत असूनही!

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे शेवटचा टप्पा. खाणीपासून रस्त्यापर्यंतच्या वाहतुकीचं लीड, म्हणजे अंतर, व्यवस्थित मोजलेलं असतं. डंपर जिथे थांबतो तिथून वाडीपर्यंत काय? तिथे पायवाट आहे, म्हणून तर पाखाडी हवी आहे. त्या 15 घनमीटरचा कोरडा माल 33 टनांच्या आसपास भरतो. 20 किलोचं घमेलं धरलं तर दीड हजाराच्या वर खेपा, त्याही चढावर. ही मजुरी अंदाजपत्रकात नसली की ठेकेदार ती सिमेंटमधून, जाडीतून किंवा सोलिंगमधून काढतो. 10 सेंटिमीटरची जाडी कडेला 10 आणि मधे 6 होते, कारण मोजणाऱ्याची पट्टी कडेलाच लागते. वाडीतल्या माणसांनी मधोमध खिळा ठोकून बघावं, काँक्रीट ओलं असतानाच.

वरून तपासणीचं सोंग. काँक्रीटची खरी ताकद कळते ती 28 दिवसांनी, 15 सेंटिमीटरचे ठोकळे दाबून. 15 घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे. मग सांगा, 20 मार्चला ओतलेल्या काँक्रीटचं बिल 31 मार्चला निघतं, तेव्हा 28 दिवसांचा अहवाल आला कुठून? 3 मार्चनंतर ओतलेल्या कुठल्याही कामाचा तो अहवाल 31 मार्चपर्यंत तयार होणं शक्यच नाही. साधी वजाबाकी आहे. तरी फायलीत कागद लागलेला असतो आणि मोजमाप पुस्तिकेवर सही झालेली असते.

म्हणतात, निधी परत जाईल म्हणून घाई. जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला आलेला निधी खर्च करायला दोन वर्षं मिळतात. मग पहिल्या वर्षाचा मार्च गाठायची मारामार कशासाठी? कारण पहिलं वर्ष कागद फिरण्यातच जातं. ग्रामसभेचा ठराव, आराखड्यात नाव, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, आदेश. मधे आचारसंहिता लागली की सगळं थांबतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, पऱ्याला पाणी असताना, मजूर गावात असताना काम घेता येतं. घेत नाहीत. ते पुन्हा फेब्रुवारीतच आठवतं.

आता रकमेकडे या. फलकावर 10 लाख लिहितात. त्यात 18 टक्के जीएसटी आणि 1 टक्का कामगार उपकर धरला की प्रत्यक्ष कामाला उरतात जेमतेम 8 लाख 40 हजार. त्यातून विमा, चाचणी शुल्क आणि तो फलकसुद्धा. बिल काढताना जीएसटीचा 2 टक्के टीडीएस आणि आयकराचा 1 किंवा 2 टक्के कापला जातो, तो ठेकेदाराला नंतर मिळतो, पण तोवर हातातला पैसा अडकतो. लहान स्थानिक ठेकेदार मागच्या कामाचं बिल थकलेलं असताना व्याजाने पैसे काढून पुढचं काम घेतो. ते व्याज कुठून भरून निघतं हे पाखाडी सांगते.

रक्कम बसत नाही म्हटल्यावर पहिली कात्री लागते गटाराला. नेहमी गटारालाच! डोंगराच्या अंगाचं गटार वगळलं की पाखाडीच पऱ्या होते. वरचं सगळं पाणी तिच्यावरून येतं, कडेची माती खाली खणत नेतं आणि स्लॅब अधांतरी राहतो. गटार नसलेली पाखाडी करूच नका, त्यापेक्षा निम्मी लांबी करा पण गटारासकट करा. हे ग्रामसभेत शंभरदा सांगून झालं. पण निम्म्या लांबीचा फोटो चांगला येत नाही बहुतेक. संरक्षक भिंतींचंही तेच. मागे खडीचा भराव नाही, भिंतीत पाणी निघायची भोकं नाहीत. पाण्याने फुगलेली लाल माती भिंत ढकलून देते. साकवाच्या (पऱ्यावरच्या छोट्या पुलाच्या) स्लॅबला सळीखाली 20-25 मिलिमीटर काँक्रीट सोडतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेला भारतीय मानक 45 मिलिमीटर सांगतं. चारदोन पावसाळ्यांत सळी गंजून फुगते आणि तुकडे खाली पडायला लागतात. मग दुरुस्तीला पैसा मागितला की उत्तर मिळतं, दुरुस्तीचं लेखाशीर्ष नाही, नवीन काम सुचवा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना वस्तीच्या लोकसंख्येवर रक्कम ठरवते. देशावर, घाटापलीकडे, सलग शे-दोनशे घरांची वस्ती असते, तिथे ते चालून जात असेल. कोकणात दहा घरं कातळावर, आठ घरं पऱ्यापलीकडे. माणसं कमी, म्हणून रक्कम कमी. पण अंतर, चढ आणि पाऊस माणसं मोजून कमी होत नाहीत. कमी माणसांच्या वाडीला माणशी खर्च जास्तच येणार. त्यात निम्मं कुटुंब पोटासाठी मुंबईला, म्हणजे जनगणनेत आकडा आणखी खाली. त्या लोकांचं घर, आईबाप, शेत इथेच आहे ना?

मग सांगतात, वित्त आयोगातून करा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवली, 40 टक्के मोकळी. त्या मोकळ्या पैशावर गावातल्या सगळ्या वाड्या टपलेल्या, आणि ग्रामसभेत ज्यांचा आवाज मोठा त्यांची वाडी आधी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. चार लाख वसुली असलेल्या पंचायतीचे होतात 60 हजार. त्यातून भांडी आणि खुर्च्या येतात, पाखाडी येत नाही.

जमिनीचा घोळ तर वेगळाच. पायवाट पिढ्यान् पिढ्या वापरात, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 23 ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद नाही म्हणून निधी नाही. नोंद करायची तर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती. सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, काही मयत, वारस नालासोपारा ते डोंबिवली पसरलेले. संमतीपत्राला 2024 पासून 500 रुपयांचा स्टँप. एका चुलत्याने गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) वाट अडवली की अख्खी वाडी थांबते, आणि पेशंटला डोलीतून खाली आणावं लागतं. कोळीवाड्यांत राहत्या घराखालचीच जमीन नावावर नाही, वर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी. शिमग्याला आणि गणपतीला सगळे वारस गावात असतात. ग्रामसेवक आणि तलाठ्याने तेव्हा दोन दिवस वाडीत बसून सह्या घेतल्या तर वर्षाचं काम होईल. ते दोन दिवस कोणी देत नाही.

ज्यांच्या वाडीचं काम येत्या हंगामात आहे त्यांनी नारळ फुटायच्या आधी अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. दिली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही लागत नाहीत. प्रतीत चारच गोष्टी शोधा: डोक्यावरची वाहतूक, टँकरचं पाणी, डोंगराच्या अंगाचं गटार आणि दर तीन-चार मीटरवरचा सांधा. नसतील तर आदेशाआधी सुधारित अंदाजपत्रक मागणारा ठराव करा. ग्रामसभेला 100 किंवा 15 टक्के मतदार, यांतला कमी आकडा पुरतो, तेवढी माणसं वाड्यांनी मिळून नेता येतात. आणि आदेश एप्रिलमध्ये हातात आला तर काम सरळ दिवाळीनंतर करायला सांगा, तसं लेखी द्या, पोच घ्या. उन्हात काँक्रीट ओतू देऊ नका. खडी पडून राहिली तर राहू दे, ती कुजत नाही. फक्त सिमेंट तेवढं वाडीत उतरवून घेऊ नका, पावसाळ्यात गोणीचा दगड होतो.