‘नैसर्गिक’ हार्मोनचा वाद आणि त्या वादाबाहेर राहिलेल्या बायका

पुण्यातल्या माझ्या शाळासोबतिणींमध्ये सध्या एका विषयावरून दोन तट पडले आहेत. आम्ही सगळ्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. कोणाची पाळी गेली आहे, कोणाची लांबते आहे, आणि रात्री अंगातून वाफा निघून झोपमोड होणे, विनाकारण छाती धडधडणे, सांधे आखडणे हे थोड्याफार फरकाने सगळ्यांच्याच वाट्याला आले आहे. पहिला तट म्हणतो की या त्रासावर औषध म्हणून हार्मोन घेणे म्हणजे स्तनाच्या कर्करोगाला आमंत्रण देणे. त्यापेक्षा शतावरी घ्यावी, प्राणायाम करावा आणि ही दोन-चार वर्षे निभावून न्यावीत. दुसरा तट म्हणतो की ‘बायोआयडेंटिकल’ हार्मोन शरीरातल्या हार्मोनसारखेच, म्हणजे नैसर्गिक असतात, त्यामुळे त्यांचा धोका नाही, आणि लाळेची तपासणी करून ते प्रत्येकीला तिच्या मापाचे बनवून मिळतात.

मी औषधनिर्माणशास्त्र पुण्यात शिकले आणि आज उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे दोन्ही तटांकडून मला विचारणा होते. मला असे दिसते की टोकाची विरोधी वाटणारी ही दोन मते एकाच गृहीतकावर उभी आहेत: औषध कोठून आले हे कळले की ते किती धोक्याचे आहे तेही कळते. औषधांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही, आणि या औषधांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

ज्या गोळीमुळे हार्मोनची एवढी भीती पसरली ती प्रेमारिन ही गोळी अमेरिकेत १९४२ पासून विकली जाते आणि ती गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनांची, म्हणजे स्त्री-हार्मोनांच्या एका गटाची, असते. उगम पाहिला तर याहून नैसर्गिक काय असणार? पण तिच्यातली बरीचशी इस्ट्रोजेने बाईच्या शरीरात कधीच तयार होत नाहीत. उलट, आपल्या अंडाशयातून स्रवणाऱ्या हार्मोनशी रेणूच्या रचनेत तंतोतंत जुळणारे इस्ट्राडिऑल (हेही एक इस्ट्रोजेनच) आणि प्रोजेस्टेरॉन हे आज कारखान्यातच तयार होतात. आपल्याकडच्या कोनफळाच्या कुळातले काही रानकंद किंवा सोयाबीन यांतले एक द्रव्य घेऊन त्यावर रासायनिक प्रक्रिया केल्या जातात. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या कंदापासून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर बनवून दाखवले आणि तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. प्रयोगशाळेतल्या या पायऱ्या माणसाच्या शरीराला चढता येत नाहीत, त्यामुळे कंदाचा अर्क घातलेले मलम त्वचेला चोळून प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. ‘बायोआयडेंटिकल’ हे विशेषण रेणूच्या रचनेविषयी सांगते. तो रेणू कोणी बनवला, किती शुद्ध आहे, त्याची मात्रा किती आणि तो कोणत्या वाटेने शरीरात जातो, यांपैकी काहीही ते सांगत नाही.

पहिल्या तटाची भीती कोठून आली हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण ती निराधार नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा एक भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना घोडीच्या मूत्रातली इस्ट्रोजेने आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट हे कृत्रिम प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध, एकत्र दिले जात होते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर गेली. तोच आकडा दुसऱ्या तऱ्हेने मांडला तर असा होतो: दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला जिथे ३० जणींना हा कर्करोग होत होता तिथे ३८ जणींना झाला. या आठ जणी क्षुल्लक नाहीत, प्रत्येकीचे घर आहे. पण २६ टक्के ऐकून मनात उभे राहणारे चित्र आणि हे चित्र यांत फार अंतर आहे. शिवाय चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी रात्री घामाने भिजून उठणारी बाई त्या चाचणीत जवळजवळ नव्हतीच. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत हार्मोन सुरू केले तर लाभ-धोक्याचे गणित बऱ्याच जणींच्या बाबतीत लाभाकडे झुकते, हे नंतरच्या विश्लेषणांतून पुढे आले. पण तोवर डॉक्टरांनी हार्मोन लिहून देणे कमी केले होते, आणि पुण्यात ती सवय अजून पुरती मोडलेली दिसत नाही.

‘दोन-चार वर्षे निभावून न्या’ या सल्ल्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. वाफांचा त्रास अनेक जणींना सात वर्षे आणि त्याहून अधिक काळ होतो. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, ब्रिटनमध्ये ५१ व्या. म्हणजे आपल्या हाडांना इस्ट्रोजेनचा आधार चार-पाच वर्षे आधीच तुटतो. ज्यांना सोसवते त्यांनी खुशाल औषधाविना राहावे; पण सोसण्यालाच उपचार म्हणणे मला मान्य नाही.

आता दुसरा तट. त्यांच्या म्हणण्यात खरा अंश आहे आणि तो मी आनंदाने मान्य करते. त्वचेतून, म्हणजे पॅच किंवा जेलने घेतलेले इस्ट्राडिऑल आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे गोळीने रक्ताच्या गुठळीचा जो धोका वाढतो तो नेहमीच्या मात्रेत वाढलेला दिसत नाही. मायक्रोनाइज्ड, म्हणजे शरीरात शोषले जावे म्हणून अगदी बारीक केलेल्या, प्रोजेस्टेरॉनसोबत स्तनाच्या कर्करोगाचा धोका जुन्या प्रोजेस्टिनांपेक्षा कमी असावा, असे फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत आढळले. मात्र ती पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, आणि ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. आणखी एक गोष्ट मैत्रिणींना सांगितली की त्या चकित होतात: हे प्रोजेस्टेरॉन आपल्याकडे काही नवे नाही. गर्भ टिकावा म्हणून ज्या कॅप्सूल पुण्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे लिहून देत आले आहेत, त्यांत हेच मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन असते. इस्ट्राडिऑलची जेलही भारतात मिळते. म्हणजे शरीराशी जुळणारे, रीतसर परवाना मिळालेले हार्मोन साध्या केमिस्टकडे असू शकतात, त्यांसाठी वेगळ्या झगमगीत क्लिनिकची गरज नाही.

माझा आक्षेप आहे तो ‘मापाचे बनवून देण्या’वर. लाळेतले किंवा रक्तातले हार्मोन पाळी जाण्याच्या काळात दिवसागणिक वरखाली होत असतात. एका सकाळच्या थेंबावरून वर्षभराची मात्रा ठरवणे शास्त्रात बसत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की ४५ च्या पुढच्या स्त्रीचे निदान लक्षणांवरूनच करावे, आणि मागणीनुसार मिश्रण करून दिलेल्या, नियमनाबाहेरच्या बायोआयडेंटिकल हार्मोनांची परिणामकारकता व सुरक्षितता ठाऊक नाही, हे स्त्रियांना स्पष्ट सांगावे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनीही २०२० च्या अहवालात असाच निष्कर्ष काढला. यातली सगळ्यात गंभीर बाब गर्भपिशवीच्या अस्तराची आहे. पिशवी जागेवर असताना नुसते इस्ट्रोजेन घेतले तर त्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे १९७५ पासून माहीत आहे, आणि तो टाळण्यासाठीच प्रोजेस्टेरॉन द्यायचे असते. मिश्रणाच्या मलमातून ते पुरेसे पोचते की नाही याची कोणी हमी देत नाही. त्वचेखाली बसवलेली हार्मोनची गोळी तर त्रास झाला तरी सहज काढून घेता येत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हार्मोनच्या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापला जाणारा धोक्याचा इशारा बऱ्याच अंशी मागे घेण्याचे जाहीर केले, तेव्हा दुसऱ्या तटाला जोर चढला. पण तो निर्णय परवाना मिळालेल्या, तपासलेल्या औषधांपुरता आहे, आणि नुसत्या इस्ट्रोजेनच्या औषधांवर अस्तराच्या कर्करोगाचा इशारा त्यातही कायम ठेवला आहे. मिश्रण करून दिलेल्या डबीसोबत मुळात असे पत्रकच येत नाही.

पुणेकरांना हे समजावून सांगावे लागू नये असे मला वाटते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि हडपसरला १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट. औषधाची प्रत्येक बॅच तपासून, नोंदवून मगच बाहेर सोडायची असते हे माहीत असलेली माणसे या शहरातल्या गल्लोगल्ली राहतात. ज्या घरात लसीच्या कुपीवरचा बॅच क्रमांक वाचला जातो, त्याच घरात बिनक्रमांकाच्या मलमाची डबी विश्वासाने येते, याचे मला वाईट वाटते.

इंग्लंडमध्ये सारे काही ठीक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. येथे बायकांनी आवाज उठवला आणि त्याचा परिणाम झाला. एप्रिल २०२३ पासून दोन प्रिस्क्रिप्शनच्या शुल्काइतकी रक्कम एकदाच भरली की वर्षभर यादीतली हार्मोनची औषधे वेगळे शुल्क न देता मिळतात, आणि जेल, पॅच, मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन हे सारे सरकारी आरोग्यसेवेतूनच लिहून दिले जाते. शरीराशी जुळणारा हार्मोन ही येथे श्रीमंतांची मिजास राहिलेली नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते. पण २०२२ मध्ये मागणी इतकी वाढली की इस्ट्रोजेनच्या जेलचा तुटवडा पडला, तीन महिन्यांपेक्षा जास्त औषध देऊ नये असे आम्हा फार्मासिस्टना बंधन आले आणि बायका आपसांत औषधाची देवाणघेवाण करत असल्याच्या बातम्या आल्या. आजही गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत ही औषधे कमी लिहिली जातात. आमच्या भागातल्या दक्षिण आशियाई बायका तर सांधेदुखी आणि थकवा सांगतात, पाळीचा विषय काढतच नाहीत, मग डॉक्टर वेदनाशामक देतात आणि त्या घरी जातात.

हे पाहूनच माझे लक्ष माझ्या मैत्रिणींच्या वादावरून दुसरीकडे वळले. महाराष्ट्रात हार्मोनची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे? २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. यांतल्या कितीतरी बायका ऐन तिशीतल्या. ऊसतोडीच्या टोळ्या पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात, आणि ‘माझी पिशवी काढलीय’ हे वाक्य पुण्यात घरकाम करणाऱ्या मावशींकडून आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेले आहे. पिशवीसोबत अंडाशयही काढले असतील तर त्या बाईची पाळी पंधरा वर्षे आधी, एका दिवसात गेलेली असते. आणि अंडाशय ठेवले असले तरी ते लवकर थकण्याची शक्यता असते. एवढ्या लवकर अंडाशय गेलेल्या स्त्रीला, तिला हार्मोन वर्ज्य ठरवणारा आजार नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते द्यावेत, यावर जगभरच्या तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही. तिची हाडे, हृदय, झोप सारे त्यावर अवलंबून आहे.

आणि तिचा उपचार सगळ्यात सोपा आहे. पिशवी नाही म्हणजे अस्तर नाही. अस्तर नाही म्हणजे सहसा प्रोजेस्टेरॉनची गरज नाही. नुसते इस्ट्रोजेन पुरते. मैत्रिणींना घाबरवणाऱ्या त्याच अमेरिकी चाचणीत पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा वेगळा गट होता. त्यात नुसत्या इस्ट्रोजेनच्या औषधाने स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट पुढच्या वर्षांच्या पाठपुराव्यात तो कमी आढळला. पक्षाघाताचा धोका वाढल्यामुळे २००४ मध्ये तोही भाग थांबवला गेला, पण तेथेही वय मोठे होते आणि औषध पोटातून दिले जात होते. म्हणजे कर्करोगाची भीती जिला सर्वांत कमी लागू पडते आणि उपचाराचा लाभ जिला सर्वांत जास्त होऊ शकतो, ती बाई कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत फडावर जाते. नैसर्गिक की कृत्रिम, या आमच्या वादात ती कोठेच नाही.

तिच्यासाठी लाळेची तपासणी नको आणि मापाचे मलमही नको. जेलचा पंप किंवा इस्ट्राडिऑलची गोळी, रक्तदाबाची आणि घरातल्या कर्करोगाच्या इतिहासाची चौकशी, आणि वर्षातून एकदा भेट, एवढे तालुक्याच्या रुग्णालयातही होण्यासारखे आहे. त्याआधी एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल. शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना जे कार्ड हातात दिले जाते, त्यावर अंडाशय ठेवले की काढले हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. पुण्यातल्या मोलकरणींच्या संघटना, ऊसतोड कामगारांसाठी काम करणारे कार्यकर्ते आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी ही मागणी एकत्र केली तर तिला खर्च जवळजवळ नाही. आज बहुतेक जणींना विचारले तर ‘पिशवी काढली’ एवढेच सांगता येते, आणि एवढ्यावर कोणताही फार्मासिस्ट किंवा डॉक्टर पुढचे औषध ठरवू शकत नाही.